चोवीस तासांच्या आत

उत्तरेकडची गाडी कल्याणला लागली की चाइल्ड हेल्प डेस्कवरची ताई जनरलच्या डब्यांकडे चालू लागते. आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, एक महिला शिपाई सोबत असते. एकटं मूल गर्दीतही ओळखू येतं. ताईला जास्त काळजी असते ती एकट्या नसलेल्या मुलांची. चार मुलं उतरतात, चौघांच्या पायांत एकसारख्या नव्या चपला, सामान जवळपास नाही, आणि काहीही विचारलं की चौघं आधी एकाच माणसाकडे बघतात. "ये कौन?" "चाचा." "चाचा का नाम?" इथे उत्तर अडतं.

घरातला मार चुकवून पळालेला मुलगा वेगळा आणि कामाला म्हणून आणलेला वेगळा. पण पहिल्याचा दुसरा व्हायला वेळ लागत नाही. वडापाव खाऊ घालून "काम लावून देतो" म्हणणारा फलाटावर कुणीतरी भेटतोच. तो आधी भेटतो की ताई, यावर पुढचं सगळं ठरतं. २०१५चा बाल न्याय अधिनियम म्हणूनच पळालेल्या, हरवलेल्या आणि तस्करीत ओढलं जाण्याची भीती असलेल्या मुलांना एकाच व्याख्येत घेतो : काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक. अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं.

हे चोवीस तास कसे जातात ते मी डेस्कशेजारच्या बाकावरून पाहत होतो. आरपीएफच्या डायरीत नोंद होते, वैद्यकीय तपासणी होते, समितीपुढे ठेवायचा 'फॉर्म १७' भरला जातो. पण त्याआधी जेवण. जेवण होईपर्यंत ताई नावसुद्धा विचारत नाही. नंतर मुलगा जे नाव, जे गाव सांगेल ते मान डोलावून लिहून घेते. ते बदलणार हे तिला माहीत असतं. मग आडून प्रश्न येतात. गावात बाजार कोणत्या वारी भरतो? शाळेसमोर काय आहे? स्टेशनला कशाने गेलास? मूल नाव खोटं सांगतं, पण बाजाराचा वार खोटा सांगायचं त्याला सुचत नाही. त्या वारावरून, नदीवरून, टेम्पोच्या भाड्यावरून ताई गाव शोधते आणि तिथल्या पोलीस ठाण्याला फोन लावते.

वय मात्र पढवलेलं असतं. ओठावर लव न फुटलेला पोरगाही ठणकावून 'अठारा' सांगतो आणि खिशातलं आधार कार्ड काढतो. कायद्याने वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, मग जन्मदाखला बघायचा. दोन्ही नसतील तर हाडांची तपासणी. त्या यादीत आधार कार्ड नाही. "अपनी मर्जी से आया हूँ" या वाक्यानेही दलाल सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३मध्ये मानवी तस्करीच्या गुन्ह्यात पीडिताची संमती गैरलागू आहे, आणि मुलाची तस्करी केली तर शिक्षा किमान दहा वर्षं.

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, अधिकार दंडाधिकाऱ्याचे. मूल तिच्यापुढे जाईतोवर बापाचा फोन आलेला असतो : "आजच न्यायला येतो." ऐकणाऱ्याला बरं वाटतं, ताईला नाही. दलालाकडून बापाने उचल घेतली असेल, तर ती फेडायला मूल पुन्हा त्याच गाडीत बसेल. सामाजिक तपासणीला कायद्याने पंधरा दिवस दिले आहेत ते याचसाठी. घरी कोण आहे, कर्ज किती, मूल मागे का फिरायला तयार नाही, हे त्यात बघायचं. मग मुलाच्या जिल्ह्यातल्या समितीकडे त्याला सोपवता येतं, आणि केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेतून कुटुंबाला महिना ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व मिळू शकतं. तपासणी कागदावरच उरकली, तर सगळ्या नोंदी चोख राहतात आणि मूल परत जातं.

अठरा पूर्ण झाली की हे दार बंद होतं. संस्थेत वाढलेल्यांना बाहेर पडताना 'पश्चात देखभाल' मिळते, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. पण एकोणिसाव्या वर्षी त्याच डब्यातून, त्याच चाचाबरोबर उतरणाऱ्याचं काय? मुलीला महिला हेल्पलाइनचा १८१ क्रमांक आणि वन स्टॉप सेंटर तरी आहे. मुलाला हाक मारणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. सर्व वयांच्या पीडितांसाठी आणलेलं तस्करीविरोधी विधेयक लोकसभेने जुलै २०१८मध्ये मंजूर केलं. राज्यसभेची मंजुरी त्याला मिळाली नाही आणि २०१९मध्ये ते बाद झालं. २०२१चा मसुदाही कायदा झाला नाही.

चोवीस तासांची अट फलाटावर पाळली जाते, कारण चुकलं तर जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं आहे. नवा कायदा येईल तेव्हा त्यात शिक्षेची वर्षं वाढवणं सोपं असेल. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी कुणी, किती तासांत, कुठे पोचायचं, हे त्यात आहे का, ते आपण आधी बघावं.