अडीच गुंठ्यांतलं रात्रीचं जेवण

ब्रिटनमधल्या अलॉटमेंटच्या, म्हणजे भाजी पिकवायला भाड्यानं मिळणाऱ्या तुकड्यांच्या, जागा विकायला सरकार परवानगी देतंय, ही 2025च्या ऑगस्टमधली बातमी गाजली ती जेरेमी कॉर्बिन यांच्यामुळे. मजूर पक्षाचे हे माजी नेते स्वतः लंडनमध्ये असा तुकडा कसतात, त्यातल्या फळांचा जॅम करतात. तेव्हाच्या उपपंतप्रधान अँजेला रेनर यांच्यावर ते तुटून पडले. मग वाद रंगला घरबांधणीवर, शहरातल्या हिरवळीवर आणि मनःशांतीवर. त्या तुकड्यात पिकणाऱ्या भाजीचं रात्री काय होतं, हा मुद्दा मात्र मागेच राहिला. खरं तर कायद्याला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला होता.

1922च्या कायद्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. कसणाऱ्यानं स्वतःच्या आणि घरच्यांच्या खाण्यासाठी भाज्या-फळं मुख्यतः जिथं पिकवायची, ती ही जमीन. म्हणजे जेवणाचं ताट व्याख्येतच आहे. 1908च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी मिळून मागणी केली, तर त्यांच्या मागणीचा विचार करणं स्थानिक संस्थेवर बंधनकारक. 1925च्या कायद्याप्रमाणे अशी राखीव जागा मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. रेनर यांची सही वादात आली ती इथं. 1950च्या कायद्यानं कोंबड्या आणि ससे पाळायलाही मुभा दिली, पण कोंबड्याला नाही. शेजाऱ्यांच्या झोपेची एवढी काळजी घेणारा कायदा विरळाच! तुकड्याचं पारंपरिक माप दहा ‘पोल’, आपल्या हिशेबानं बरोबर अडीच गुंठे.

या अडीच गुंठ्यांना टीव्हीवर मानाचं पान मिळालं ते गेल्या पंचवीसेक वर्षांत. ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल यांचं खेड्यातलं जगणं 1999मध्ये ‘रिव्हर कॉटेज’ मालिकेतून दिसू लागलं आणि 2007मध्ये जेमी ऑलिव्हर यांनी एसेक्समधल्या आपल्या बागेतच चूल मांडली. पण रोजच्या जेवणाच्या सगळ्यात जवळ पोचले ते नायजेल स्लेटर. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये 1993पासून लिहिणारा हा माणूस स्वतःला शेफ म्हणवून घेत नाही. उत्तर लंडनमधल्या घरामागं त्यांनी भाजीचे वाफे केले, त्यावर 2009मध्ये ‘टेंडर’ हा जाडजूड ग्रंथ काढला आणि त्याच वर्षी बीबीसीवर ‘सिंपल सपर्स’ आणलं. त्यात ना स्पर्धा, ना घड्याळ, ना रडारड. बागेत काय तयार आहे ते बघायचं, आणि मग काय करायचं ते ठरवायचं. आधी पाककृती, मग यादी, मग बाजार हा नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला.

गंमत अशी, की कार्यक्रम संपल्यावर बहुतेक प्रेक्षक सुपरमार्केटकडे वळले असणार, आणि तिथंच हा साधेपणा फसतो.

कारण सरळ आहे. मटारचा दाणा किंवा मक्याचं कोवळं कणीस तोडल्यावरही जिवंत असतं. त्यातली साखर काही श्वसनात खर्च होते, काहीचा स्टार्च होतो, आणि हवा उबदार असेल तर हे झपाट्यानं घडतं. म्हणून आधी पाणी उकळायला ठेवा आणि मगच कणीस तोडायला जा, असा जुन्या माळ्यांचा सल्ला असे. नव्या संकरित जाती गोडवा जास्त टिकवतात हे खरं. पण मटाराच्या बाबतीत दोन-तीन दिवसांच्या ‘ताज्या’ शेंगांपेक्षा काढणीनंतर काही तासांत गोठवलेली पिशवी बरी, हे सुगरणींनी कधीच ओळखलंय. झुकिनीचं तर बघायलाच नको. ब्रिटनमध्ये तिला कोर्जेट म्हणतात. वीतभर लांबीची, नुकतीच काढलेली झुकिनी चिरली की कापाच्या कडेनं रसाचे बारीक मणी उमटतात. जाडसर चकत्या तापलेल्या तव्यावर लोण्यात टाकायच्या, एक बाजू तांबूस झाली की उलटायच्या, वरून लिंबू, मीठ, मूठभर पुदिना, आणि सोबत पाव. एवढ्यावर जेवण होतं. शीतकपाटात आठवडा काढलेल्या झुकिनीला हीच वागणूक दिली तर ती तव्यात पाणी सोडते, आणि मग चीज, लसूण, मिरपूड यांची कुमक मागवावी लागते. टीव्हीवरचं ‘सोपं’ हे असं कच्च्या मालावर टेकलेलं असतं.

अर्थात वाफ्यावरचं जेवण रोज इतकं लोभस नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस गावाला गेलं तर झुकिनीचा पार भोपळा झालेला असतो. बांबूच्या तिकाटण्यांवर चढलेल्या रनर बीन्स एक-दोन दिवसांआड तोडाव्याच लागतात, नाहीतर आपल्या जून घेवड्यासारख्या दोऱ्यांनी भरतात. शेजारी घ्यायला तयार नसतात, कारण त्यांच्याकडेही तेच पिकलेलं. सलग पाचव्या रात्री तीच भाजी वेगळी कशी करायची, हे खरं कसब. त्यावर कॅमेरा क्वचितच टिकतो. बीबीसीनं 2014मध्ये अलॉटमेंटची स्पर्धाच आणली, तेव्हा भाज्यांचा देखणेपणा, फुलांची मांडणी आणि बरण्यांतली लोणची-मुरंबे यांना गुण मिळाले. रात्रीच्या साध्या जेवणाला नाही!

या कार्यक्रमांत आणखी एक गोष्ट अभावानंच दिसते. कोव्हेंट्री, लेस्टर, बर्मिंगहॅमच्या वाफ्यांवर बटाट्याच्या ओळींशेजारी मेथी, कोथिंबीर आणि काचघरात दुधी असतो. ‘गार्डन ऑरगॅनिक’ या संस्थेनं ‘सोइंग न्यू सीड्स’ प्रकल्पात स्थलांतरितांच्या अशा पिकांचं बियाणं आणि अनुभव मुद्दाम गोळा केले. मेथीला तिथलं थंड हवामान मानवतं, पेरल्यावर महिनाभरात जुडी निघते. लसूण-मिरचीच्या फोडणीत परतायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ‘सिंपल सपर’ याहून सोपं ते काय असणार?

ऑगस्टचा ओलावा वाढला की उघड्यावरच्या टोमॅटोवर करपा येतो, आणि तो पसरायच्या आत हिरवी फळं उतरवून घ्यावी लागतात. इंग्रज घरांत त्यांची चटणी होते: व्हिनेगर, साखर, कांदा आणि बेदाणे घालून तासन्‌तास आटवायची आणि बरण्यांत भरून नाताळपर्यंत मुरू द्यायची. मराठी घरात तेच टोमॅटो मिरच्यांबरोबर तेलावर परततात, दाण्याचं कूट किंवा भाजलेले तीळ घालून वाटतात, आणि त्याच रात्री भाकरीबरोबर संपवतात.