चाकणची गाडी, डाकारची रेती

गेल्या पाच-सहा वर्षांत गोंदिया जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक नव्या घडणीची मोटारसायकल दिसू लागली आहे. उंच बैठक, चोचीसारखा पुढे आलेला मडगार्ड, उभी काच, टाकीवर नारिंगी पट्टे. आमच्या बिरसीत विमानतळाच्या रस्त्याने अशा दोन-तीन गाड्या रोज जातात. चालवणारी पोरे विशी-पंचविशीची, गाडी बहुधा हप्त्यांवर घेतलेली, आणि बोलण्यात डाकार रॅलीचे नाव हमखास. मी मोटारसायकलींच्या तंत्राचा अभ्यास करतो हे ठाऊक असल्यामुळे ही पोरे मला एकच प्रश्न विचारतात : “काका, ही गाडी डाकारले चालेल का?”

प्रश्न पोरकट नाही. तीन लाखांची गाडी घेताना घरचे काही एकर धान डोळ्यांपुढे असते, आणि रॅलीच्या चित्रफिती पाहून नदीच्या रेतीत किंवा धुऱ्यावरून उडी मारताना हात-पाय मोडून घेणारेही असतात. म्हणून उत्तर मोजमापाने द्यायला हवे.

उदाहरणाला मी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर घेतो, कारण ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात ती बनते. बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये २००७ साली भागीदारी घेतली, २०१२ पासून ड्यूक गाड्या भारतात विकल्या जाऊ लागल्या आणि जानेवारी २०२० मध्ये ३९० अ‍ॅडव्हेंचर आली. याच केटीएमने २००१ ते २०१९ या काळात झालेली प्रत्येक डाकार मोटारसायकल विभागात जिंकली. (२००८ ची स्पर्धा मॉरिटानियातल्या धोक्यामुळे रद्द झाली होती.) त्यामुळे टाकीवरचा नारिंगी रंग खोटा नाही, पण तो रंग मिरवणारी डाकारची गाडी वेगळी आहे. तिचे नाव ४५० रॅली.

दोघींची तुलना करताना बहुतेक जण आधी सीसी पाहतात, आणि तिथेच फसतात. २०११ पासून डाकारमध्ये ४५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलला प्रवेश नाही. पहिल्या ३९० चे इंजिन ३७३ सीसीचे, म्हणजे नियमात बसणारे. उलट, २०२३ मध्ये आलेली नवी हिमालयन नावाने ४५० असली तरी इंजिन ४५२ सीसीचे आहे. दोन सीसींसाठी ती दाराबाहेर! वजनातही मोठी तफावत नाही. ३९० पेट्रोल-पाण्यासह सुमारे १७७ किलो भरते. ४५० रॅली कोरडी १३८ किलोच्या आसपास, पण तिच्या टाक्यांत तीस लिटरहून अधिक पेट्रोल मावते. त्या भरल्या की तीही १६० च्या पुढे जाते. आणि ‘आपली गाडी रस्त्याची, ती जंगलाची’ हेही पुरते खरे नाही. डाकारमध्ये दोन टप्प्यांमधला प्रवास सार्वजनिक रस्त्यावरून होतो, त्यामुळे तिथल्या गाडीलाही नंबर प्लेट आणि दिवे लागतात.

मग फरक कुठे? पायांत. चाक खाली-वर किती सरकू शकते, त्याला आपले मेकॅनिक ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. पहिल्या ३९० अ‍ॅडव्हेंचरला पुढे १७० आणि मागे १७७ मिलिमीटर ट्रॅव्हल आहे. ४५० रॅलीला दोन्हीकडे सुमारे ३०० मिलिमीटर. कागदावर हा वीतभराचाही फरक नाही. त्याचा अर्थ कळण्यासाठी आपल्या धानाच्या बांधीचे उदाहरण घेऊ.

समजा, गाडी एक मीटर उंचीच्या धुऱ्यावरून (बाकी महाराष्ट्र त्याला बांध म्हणतो) उडाली आणि दोन्ही चाकांवर सपाट पडली. जमिनीला टेकताना तिचा खाली येण्याचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग शॉकअपला आपल्या ट्रॅव्हलच्या आत शून्यावर आणायचा आहे. जागा १७० मिलिमीटर असेल तर गाडी आणि स्वार यांच्या एकत्रित वजनाच्या सरासरी सातपट जोर लागतो. ३०० मिलिमीटर असेल तर सव्वाचारपटीच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, टायर आणि स्वाराचे गुडघे काही भार घेतात. पण गाडी आणि स्वार मिळून अडीचशे किलो धरले तर एकीकडे पावणेदोन टनांचा दणका आणि दुसरीकडे एक टनाच्या थोडा वर. शॉकअप तळाला टेकला की उरलेला दणका रिम, चेसिस आणि स्वाराच्या मणक्याकडे जातो.

हे झाले एका उडीचे. डाकारचा एकेक टप्पा तीनशे-चारशे किलोमीटरचा आणि स्पर्धा साधारण दोन आठवड्यांची. दणका जिरवतो म्हणजे शॉकअप करतो काय? त्या उर्जेची उष्णता करून ती आतल्या तेलात सोडतो. तेल तापले की पातळ होते आणि दाबाला विरोध करण्याची ताकद कमी होते. रस्त्यावरच्या गाडीच्या शॉकअपमध्ये तेल कमी, नळी बारीक. तासाभराच्या दगडगोट्यांनंतर ती घोड्यासारखी उधळू लागते. रॅलीच्या गाडीचा पुढचा फोर्क ४८ मिलिमीटर जाडीचा असतो आणि टप्पा संपल्यावर शॉकअपची देखभाल हा रात्रीच्या कामाचाच भाग असतो.

चाकांची गोष्ट रेतीशी जोडलेली आहे. वैनगंगेच्या रेतीघाटावर सायकल ढकललेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही : लहान चाक रुतते, मोठे चाक चढते. म्हणून रॅलीच्या गाडीला पुढे २१ इंची चाक असते. पहिल्या ३९० ला पुढे १९ आणि मागे १७ इंची, तेही ओतीव अलॉयचे. तारांचे चाक दणका लवून घेते, ओतीव चाक लवत नाही. ते वाकते किंवा तडकते. कंपनीलाही हे कळत होते. तिने २०२३ मध्ये तारांच्या चाकांचा पर्याय दिला आणि २०२५ च्या नव्या ३९० मध्ये पुढचे चाक २१ इंची करून ट्रॅव्हल २०० मिलिमीटरच्या घरात नेले. रेतीत हवा कमी ठेवली की टायर पसरतो आणि रुतत नाही, पण हवा कमी असताना दगड लागला तर ट्यूब चिमटते. रॅलीवाल्यांनी ट्यूबच काढून टाकली. ते टायरमध्ये फोमचे कडे भरतात. पंक्चरचा प्रश्न मिटतो, पण फोम तापून खराब होतो आणि बदलत राहावा लागतो.

पेट्रोलचा हिशेब छोटा आहे. डाकारमध्ये मोटारसायकलला दोन पंपांच्या दरम्यान सुमारे २५० किलोमीटर जाता आले पाहिजे. ३९० ची टाकी साडेचौदा लिटरची. डांबरी रस्त्यावर तेवढ्यात साडेतीनशे किलोमीटर होतील. खोल रेतीत मायलेज लिटरला पंधरावर आले तर सव्वादोनशेही होत नाहीत.

इथे वाचक म्हणेल, पूर्वी तर साध्याच गाड्या धावत होत्या! खरे आहे. त्येरी सबीन हा फ्रेंच स्वार १९७७ मध्ये लिबियाच्या वाळवंटात भरकटला होता. तेव्हा त्याच्याकडे यामाहा एक्सटी ५०० ही दुकानात मिळणारी गाडी होती. त्यातून वाचल्यावर त्याने पॅरिस-डाकार सुरू केली. पहिल्या दोन्ही स्पर्धा, १९७९ आणि १९८०, सिरिल नव्हो याने याच एक्सटी ५०० वर जिंकल्या. १९८१ मध्ये युबेर ऑरिओलने बीएमडब्ल्यू आर ८० जीएसवर बाजी मारली. आज ज्यांना आपण अ‍ॅडव्हेंचर बाइक म्हणतो त्या सगळ्यांची ती आजी. पण त्या काळी सगळेच तशा गाड्यांवर होते आणि वेगही तेव्हाचे होते. १९८६ मध्ये होंडाने केवळ या स्पर्धेसाठी एनएक्सआर ७५० बांधली आणि ती सलग चार वर्षे जिंकली. तिच्या नावावर १९८८ मध्ये आफ्रिका ट्विन दुकानात आली. तिथून उलटी गंगा वाहू लागली. दुकानातली गाडी वाळवंटात जाण्याऐवजी वाळवंटातल्या गाडीचे रूप दुकानात येऊ लागले. माझ्या मते अ‍ॅडव्हेंचर गाड्यांविषयीचा आपला सारा गोंधळ या वळणापासून आहे.

तरी दार पूर्ण बंद नाही. जुन्या मार्गाची आठवण ठेवून आफ्रिकेत होणाऱ्या ‘आफ्रिका इको रेस’मध्ये ४५० ची मर्यादा नाही. २०२४ मध्ये इटलीच्या याकोपो चेरुतीने ती एप्रिलिया तुआरेग ६६० वर जिंकली. तुआरेग ही दुकानात मिळणारी, रस्त्यावरची अ‍ॅडव्हेंचर गाडीच. मात्र तिला मुळातच २४० मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, आणि स्पर्धेची गाडी कंपनीच्या रेसिंग विभागाने खास तयार केली होती.

आपल्याकडे हीरोने याहून प्रामाणिक काम केले असे मला वाटते. २०१९ मध्ये आलेली एक्सपल्स २०० ही स्वस्त गाडी. पुढे २१ आणि मागे १८ इंची तारांची चाके, ट्रॅव्हल पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर. पुढच्याच वर्षी कंपनीने स्वतःच तिच्यासाठी रॅली किट काढले, ज्यात ट्रॅव्हल पुढे २५० आणि मागे २२० झाले. इंजिनाला हात लावला नाही. म्हणजे कारखान्यानेच सांगितले की कमी पडते ते इंजिन नव्हे, पाय! आणि डाकारला जाताना हीरोने एक्सपल्स नेली नाही. तिथे त्यांची ४५० सीसीची वेगळी रॅली गाडी असते. २०१७ पासून हा संघ उतरतो. २०२२ मध्ये जोआकिम रॉड्रिग्जने त्यांना पहिला टप्पा जिंकून दिला आणि २०२४ मध्ये रॉस ब्रँच एकूण दुसरा आला. त्याच वर्षी केरळच्या हरित नोआने रॅली-२ गट जिंकला, तोही शेर्कोच्या ४५० रॅली गाडीवर. मराठी माणसांपैकी मुंबईचे आशिष रावराणे २०२१ च्या डाकारमध्ये उतरले होते.

तेव्हा पोरांना मी सांगतो ते असे. सीसीच्या नियमात तुझी गाडी बसते. चांगला स्वार असेल आणि शॉकअप, चाके, टाकी, इंजिनाखालचे संरक्षक पत्रे, दिशादर्शनाचा सांगाडा हे सगळे बदलले तर ती काही टप्पे पार करेल. पण तोवर मूळ गाडीतले उरते इंजिन आणि चेसिस. रॅलीची तयार गाडी पंचवीस हजार युरोंच्या वर आणि डाकारचे प्रवेशशुल्क पंधरा हजार युरोंच्या पुढे जाते. त्या खर्चापुढे गाडीची किंमत हा मुद्दाच राहत नाही. आहे तशी गाडी तिथे नेली तर ती पहिल्या एक-दोन दिवसांत रिम किंवा शॉकअप गमावेल, असा माझा अंदाज आहे.

पण डाकार हीच एकमेव रॅली नव्हे. जैसलमेर भागात झालेली इंडिया बाहा ही काही काळ डाकारचीच पूर्वपरीक्षा होती, आणि देशातल्या अशा स्पर्धांत सुधारलेल्या साध्या गाड्याही धावतात. त्या दिशेने जायचे असेल तर पैसा कुठल्या क्रमाने घालावा यावर माझे ठाम मत आहे. आधी हेल्मेट, गुडघ्यांची कवचे, छातीचे चिलखत आणि चांगले बूट. मग मागचा शॉकअप आणि पुढच्या फोर्कचे आतले भाग. मग तारांची चाके. सायलेन्सर शेवटी, आणि नाही बदलला तरी चालेल. आमच्याकडे मात्र बहुतेक जण सायलेन्सरपासून सुरुवात करतात.

बाकी सराव फुकट आहे. फेब्रुवारीनंतर वैनगंगेचे पाणी उतरले की कोरड्या रेतीचा मोठा पट्टा उघडा पडतो. लिलाव झालेला घाट सोडून, ट्रॅक्टरांची ये-जा नसेल तिथे, सोबत एक माणूस ठेवून जावे. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा, कारण मागचे चाक थोडे फिरले की तो ताकद कापतो आणि गाडी जागीच बसते. पायदानांवर उभे राहावे, वजन मागे न्यावे, पुढचे चाक हलके ठेवावे आणि थ्रॉटल सोडू नये. हँडल थोडे हलेल, ते हलू द्यावे. पन्नास मीटर न थांबता जमले की शंभर करावे.