गोल्फ ड्रायव्हरचा १० ग्रॅमचा स्क्रू हलवला की चेंडूची दिशा का बदलते?

गोल्फमध्ये लांब पल्ल्याच्या पहिल्या फटक्यासाठी सहसा जी लांब, मोठ्या डोक्याची काठी वापरतात, तिला ड्रायव्हर म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांची एक नेहमीची तक्रार असते. चेंडू निघतो सरळ, पण पुढे उजवीकडे वळून थेट झाडीत जातो. या चुकीला 'स्लाइस' म्हणतात.

दुकानात यावर एक महागडा उपाय मिळतो: वजन हलवता येणारा ड्रायव्हर. पण त्याने खरंच फरक पडतो का?

सुरुवात कशी झाली?

२००४ मध्ये टेलरमेड कंपनीने 'आर७ क्वाड' हा ड्रायव्हर बाजारात आणला. त्याच्या डोक्यात चार छिद्रं होती. त्यात बसवायला १० ग्रॅमचे दोन आणि २ ग्रॅमचे दोन स्क्रू, आणि सोबत एक पाना. कोणता स्क्रू कुठे बसवायचा, हे खेळाडूने ठरवायचं. २०१३ मध्ये याच कंपनीच्या 'एसएलडीआर'मध्ये स्क्रू काढायचीही गरज उरली नाही. २० ग्रॅमचं वजन खाचेतून सरकवलं की काम झालं.

हे शक्य झालं ते धातूंमुळे. टायटॅनियम हलकं आणि मजबूत असल्याने डोकं पोकळ आणि पातळ करता येतं. त्यातून वाचलेले ग्रॅम हव्या त्या जागी ठेवता येतात. त्यासाठी अनेकदा टंगस्टन वापरतात, कारण ते टायटॅनियमच्या चौपट घन असतं. छोट्याशा स्क्रूतही पुरेसं वजन मावतं.

एवढ्याशा वजनाने होतं काय?

ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं असतं. त्यातलं १० ग्रॅम वजन ६ सेंटिमीटर सरकवलं, तर डोक्याचा गुरुत्वमध्य ३ मिलिमीटर सरकतो. आकडा लहान वाटतो, पण चेंडूला तो जाणवतो.

समजा, वजन दांड्याकडच्या बाजूला म्हणजे 'हील'ला नेलं. आता मधोमध लागलेला चेंडूही गुरुत्वमध्यापासून थोडा बाहेरच्या बाजूला लागतो. त्या धक्क्याने डोकं किंचित फिरतं आणि एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांसारखी चेंडूला उलटी फिरकी मिळते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू मग डावीकडे वळू पाहतो आणि स्लाइस कमी होतो. वजन टोकाला म्हणजे 'टो'ला नेलं, की परिणाम उलटा.

वजन मागे नेलं, तर चेंडू उंच उडतो आणि काठी चुका जास्त सांभाळून घेते. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटच्या कडेला लागला की बॅट हातात फिरते, तसंच ड्रायव्हरचं डोकंही फिरतं. मागचं वजन हे फिरणं कमी करतं. वजन पुढे आणलं तर चेंडूची मागची फिरकी घटते. वेगाने फटका मारणाऱ्याला त्यातून जास्त अंतर मिळू शकतं, पण चुकलेल्या फटक्याची शिक्षाही वाढते. दोन्ही फायदे पूर्णपणे एकत्र मिळत नाहीत.

नियम काय सांगतात?

डोक्याचा आकार जास्तीत जास्त ४६० घन सेंटिमीटर असावा, अशी मर्यादा आहे. डोकं फिरण्याला किती विरोध करेल, यालाही कमाल मर्यादा आहे. महत्त्वाची गोष्ट म्हणजे, फेरी सुरू असताना वजन मुद्दाम बदलून त्या काठीने फटका मारला, तर खेळाडू बाद ठरतो. वारा बघून प्रत्येक होलला पाना काढता येत नाही.

मग पैसे खर्च करावेत का?

स्लाइसचं मूळ कारण बहुतेक वेळा काठीत नाही, फटक्यात असतं. काठी ज्या मार्गाने येते, त्याच्या तुलनेत तिचा पृष्ठभाग उजवीकडे उघडा राहतो. ३ मिलिमीटर सरकलेला गुरुत्वमध्य ही चूक थोडी झाकतो, दुरुस्त करत नाही.

ज्याचा फटका दर वेळी जवळपास सारखाच बसतो, त्याला हा स्क्रू खरा उपयोगी पडतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारणाऱ्याने वजन कुठे ठेवायचं? त्याने आधी सराव मैदानावर एकाच सेटिंगने दहा चेंडू मारून बघावेत. दहाही एकाच बाजूला वळले, तरच पाना हातात घ्यावा. नाहीतर तेच पैसे प्रशिक्षकावर खर्च केलेले बरे.