उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार विकताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

निगुतीने राखलेली, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार विकायला निघते तेव्हा किंमत दोन गोष्टींवर ठरते: गाडीची अवस्था आणि तिच्या मालकांचा लेखी इतिहास. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत या व्यवहाराला आणखी दोन बाबी चिकटतात. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या किनाऱ्यावरचा खारा वारा पत्रा खातो. आणि तलासरीला लागून गुजरातची हद्द, थोड्या अंतरावर दमण, दादरा-नगर हवेली असल्याने परक्या नोंदणीच्या गाड्या इकडे सहज येतात. विकणाऱ्याचे नुकसान करणारे बहुतेक गैरसमज नोंदणी, कागद आणि कर यांबद्दलचे असतात. गाडीच्या देखभालीबद्दलचेही काही आहेत, आणि ते अधिक महागात पडतात.

जुनी म्हणजे व्हिंटेज नव्हे

जाहिरातीत ‘व्हिंटेज’ हा शब्द सरसकट वापरला जातो. कायद्यात त्याला नेमका अर्थ आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. शिवाय ती मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असेल तर वय कितीही असो, हा दर्जा मिळत नाही. जगभरातील जुन्या वाहनांच्या क्लबांचा महासंघ ‘फिवा’ (स्थापना 1966) मात्र 30 वर्षांवरील, इतिहासाशी प्रामाणिक अवस्थेत जपलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या वाहनाला ऐतिहासिक वाहन मानतो. त्यामुळे एकच गाडी संग्राहकाच्या दृष्टीने ऐतिहासिक असते आणि परिवहन कार्यालयाच्या लेखी साधी जुनी गाडी असते.

सॅन स्टॉर्मचे उदाहरण घ्यावे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेली, फायबरग्लासच्या बॉडीची आणि रेनोच्या 1,149 सीसी इंजिनाची ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी थोड्याच संख्येने निघाली आणि आज शोधून घेतली जाते. तिला व्हिंटेजची नोंदणी मिळायला अजून बराच काळ जावा लागेल. म्हणून तिची किंमत कमी ठरत नाही. जाहिरातीत चुकीचा शब्द घालून ग्राहकाचा विश्वास घालवण्यापेक्षा बनावटीचे वर्ष आणि नोंदणीचे वर्ष सरळ लिहावे.

व्हिंटेज नोंदणी हा केवळ मान आहे, हाही समज अर्धवट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क 5,000 रुपये. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण एकदा या नोंदणीत गेलेली गाडी नियमित किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. बोर्डीच्या किनारी रस्त्यावर दर रविवारी टप उघडून फिरायची हौस असलेल्या ग्राहकाला ही अट व्यवहाराआधीच सांगायला हवी.

‘पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात’ ही भीती दिल्लीहून आली आहे. पेट्रोल गाड्यांसाठी 15 आणि डिझेल गाड्यांसाठी 10 वर्षांचे निर्बंध न्यायालयीन आदेशांनी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात लागू झाले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, पण वाहन तपासून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. पर्यावरण कर भरावा लागतो आणि नूतनीकरणाचे शुल्क अलीकडे बरेच वाढले आहे, विशेषतः आयात गाड्यांसाठी. हा खर्च विकण्यापूर्वी उरकून घ्यावा. नोंदणीची मुदत संपलेली गाडी घ्यायला आलेला ग्राहक भावात त्याहून जास्त पाडून मागतो.

कमी किलोमीटर, नवा रंग

ओडोमीटरवर कमी आकडा म्हणजे गाडी उत्तम, हा या बाजारातला सर्वांत पक्का गैरसमज आहे. जुन्या मीटरना बहुधा पाचच आकडे असत. 99,999 नंतर ते पुन्हा शून्यावर येत. काही ब्रिटिश गाड्यांचे मीटर मैलांत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उभ्या गाडीची झीज थांबत नाही. ब्रेकच्या सिलिंडरमध्ये ओल धरते, रबरी सील कडक होतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते, टायर एका जागी बसतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना बाधते, त्यामुळे टाकी भरून वर्षभर उभी ठेवलेली गाडी आता पूर्वीपेक्षा लवकर बिघडते. टायरवर नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहावा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘1409’ म्हणजे 2009 च्या चौदाव्या आठवड्यातला टायर, आणि त्यावर गाडी विकायला उभी करणे योग्य नाही.

किनाऱ्यालगतच्या वाडीतल्या शेडमध्ये ठेवलेली गाडी सुरक्षित असते, असेही मानले जाते. हवेतले मीठ पत्र्यावर बसते, ओल धरून ठेवते आणि रंगाखालून गंज पसरवते. उघड्या टपाच्या गाडीत हा धोका दुप्पट असतो. छपराचा आधार नसल्याने बिनचासीच्या बांधणीत गाडीचा भार दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर आणि तळाच्या पत्र्यावर येतो, आणि टपाच्या फटींतून झिरपलेले पाणी नेमके तिथेच, गालिच्याखाली साचते. जाणकार ग्राहक गाडी मधोमध जॅकवर उचलतो आणि दार उघडून लावून पाहतो. दाराच्या वरच्या कडेची फट बदलली किंवा दार घासले, तर पट्ट्या आतून खाल्लेल्या आहेत. मग तो साधे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून चाकांच्या वरच्या कमानीवरून फिरवतो. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा जाऊन पुट्टी भरलेली असते. फायबरग्लासच्या गाडीला चुंबकाचा उपयोग नाही, आणि ‘फायबर आहे, गंजणार नाही’ हे म्हणणेही पुरते खरे नाही, कारण खालची चौकट लोखंडाचीच असते. एमजी या ब्रिटिश बनावटीच्या जुन्या टी मालिकेत बॉडीखाली लाकडी सांगाडा आहे. या पट्ट्यात तिथे वाळवीही तपासावी लागते.

पावसाळ्यात ताडपत्री गुंडाळून ठेवणे ही चुकीची काळजी आहे. आत कोंडलेली वाफ बाहेर जात नाही. हवा खेळेल असे सुती आच्छादन, जमिनीला सिमेंटचा कोबा आणि टप घडी न करता ताणून लावलेला, असे ठेवावे. महिनोन्‌महिने दुमडून ठेवलेल्या टपाला बुरशी येते आणि मागची प्लास्टिकची खिडकी तडकते. टपाचे कापड झिजणारच, ते बदलले म्हणून मोल घटत नाही. मूळ लोखंडी चौकट, बाजूचे पडदे आणि खटके मात्र टाकू नयेत. ते पुन्हा मिळत नाहीत.

विक्रीआधी नवा चकचकीत रंग मारला की भाव वाढतो, हा समज संग्राहकांच्या बाबतीत उलटा पडतो. जुनी वाहने कशी जपावीत हे सांगणाऱ्या फिवाच्या ट्युरिन सनदेचा भर मूळ साहित्य जपण्यावर आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवण्यावर आहे. ताजा रंग पाहिला की खाली काय लपवले, हा प्रश्न पहिला येतो. रंग काढलेल्या अवस्थेतल्या पत्र्याची छायाचित्रे जोडली तर तोच नवा रंग गाडीच्या बाजूने बोलतो.

मालकीचा इतिहास कागदावर

‘आजोबांनी घेतली, तेव्हापासून घरातच आहे’ हा इतिहास ऐकायला चांगला, पण ग्राहकाला तो कागदावर हवा असतो. पहिला कागद जुने आरसी पुस्तक. त्यावरचे प्रत्येक हस्तांतर, तारीख आणि शिक्का मालकांची साखळी दाखवतो. पुस्तक फाटले किंवा हरवले असेल तर परिवहन कार्यालयातून नोंदवहीचा उतारा, म्हणजे बोलीतला ‘बी एक्स्ट्रॅक्ट’, मिळवता येतो. जुन्या गाडीची नोंद परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेलीच नसेल तर आधी ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागते. त्याशिवाय नाव बदलाचा अर्ज पुढे सरकत नाही. एमजी, ऑस्टिन, ट्रायम्फ यांसारख्या गाड्यांसाठी इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या मूळ नोंदींवरून प्रमाणपत्र देते. गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह बाहेर पडली, हे त्यावरून जुळवता येते. आयात गाडीला सीमाशुल्काचे बिल ऑफ एन्ट्री हवे. गॅरेजची बिले, जुने विमापत्र, रॅलीतला सहभाग, दिनांकासह जुने फोटो यांची वर्षवार फाइल केली तर घासाघीस बरीच कमी होते.

इंजिन बदलले तर सांगायची गरज नाही, असे समजणारे बरेच आहेत. एकेकाळी भारतात अनेक परदेशी गाड्यांत सुटे भाग मिळेनात म्हणून दुसरी इंजिने बसवली गेली. त्यात लाज नाही. पण परवानगी आणि आरसीवर नोंद नसेल तर तपासणीत क्रमांक जुळत नाहीत आणि व्यवहार तिथेच अडकतो.

मालक वारले असतील तर घरातला कोणीही सही करून गाडी विकू शकत नाही. नियमांप्रमाणे मृत्यूनंतर 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि फॉर्म 31 भरून तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. इतर वारसांची संमती लागते. हे वर्षानुवर्षे राहून गेले असेल तर विक्रीची जाहिरात देण्याआधी हेच काम करावे.

हद्दीपलीकडचा क्रमांक

दमण, सिल्वासा किंवा वलसाडच्या क्रमांकाची गाडी तलासरीत कायम वापरली तरी चालते, हा सीमाभागातला खास गैरसमज आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर इथला नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो आणि इथला करही लागू होतो. मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी (फॉर्म 28), लागते. पालघर जिल्ह्यातील गाड्यांची नोंदणी एमएच-48 या मालिकेत होत आली आहे. विकणाऱ्याने एनओसी आणि करपावत्या आधीच हातात ठेवाव्यात. आच्छाडच्या हद्दीपलीकडचा, गुजरातमधला ग्राहक गाडी तिकडे नेणार असेल तर तीच प्रक्रिया उलट दिशेने होते.

कर आणि रोकड

डिसेंबर 2024 मधल्या जीएसटी परिषदेनंतर ‘जुनी गाडी विकली की 18 टक्के कर’ अशी आवई उठली. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्यालाच, तोही विक्रीतल्या नफ्याच्या फरकावर आहे. आपली गाडी विकणाऱ्या, नोंदणी नसलेल्या व्यक्तीला तो लागत नाही.

आयकराचा मुद्दा अधिक नाजूक आहे. वैयक्तिक वापरातली गाडी भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्यावरचा नफा करमुक्त असतो. पण गाडी म्हणजे आपोआप वैयक्तिक वस्तू, असे नाही. मुंबईतल्या एका करदात्याने 1983 मध्ये 20,000 रुपयांना घेतलेली 1931 ची उघडी फोर्ड टूरर पुढे 21 लाख रुपयांना विकली आणि नफा करमुक्त असल्याचा दावा केला. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये तो नाकारला. गाडी वापरता येण्याजोगी असणे पुरेसे नाही, ती खरोखर वैयक्तिक वापरात होती हे दाखवावे लागते, असा त्या निकालाचा आशय आहे. देखभालीची बिले, विमा, पीयूसी आणि प्रवासाच्या नोंदी जपण्याचे हे सर्वांत ठोस कारण. एका व्यवहारात 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणेही कायद्याने मना आहे. रक्कम बँकेतूनच घ्यावी.

ताबा दिला म्हणजे विक्री झाली?

पैसे मिळाले, किल्ली दिली, आता जबाबदारी संपली, हा गैरसमज कोर्टाची पायरी चढायला लावतो. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (2018) या निकालात स्पष्ट केले की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईचा दावा त्याच्यावर येतो. म्हणून सही केलेले कोरे ‘टीटीओ’चे, म्हणजे मालकी हस्तांतराचे, फॉर्म दलालाकडे सोडून देऊ नयेत. फॉर्म 29 आणि 30 पूर्ण भरून, ग्राहकाचे नाव, तारीख आणि वेळ घालूनच सही करावी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि परराज्यातल्या विक्रीत 45 दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने 30 दिवसांत. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीसाठी दोघांनाही 90 दिवस आहेत. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने 14 दिवसांत कंपनीला कळवावे लागते.

ताबा देताना किलोमीटर, चासी व इंजिन क्रमांक, सोबत दिलेले सुटे भाग आणि तारीख-वेळ असलेली पावती दोघांच्या सह्यांनी करावी आणि फाइलची एक पूर्ण प्रत विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवावी. परिवहनच्या संकेतस्थळावर नव्या मालकाचे नाव दिसेपर्यंत विक्री पूर्ण झाली असे धरू नये.