एका पेढीवर दोन गाद्या

सकाळी दुकान उघडते, दिवाबत्ती होते, गल्ल्यावरचा संगणक सुरू होतो आणि दिवसाचा पहिला प्रश्न तो संगणकच विचारतो. निळ्या पडद्यावर दोन नावे उमटतात. कधी 'विंडोज ११' आणि 'विंडोज ७', तर कधी दोन्हीकडे 'विंडोज १०' एवढेच, एकापुढे 'व्हॉल्यूम ३' अशी पुस्ती जोडलेली. कोणी काहीच निवडले नाही, तर तीस सेकंद वाट पाहून तो ठरलेली प्रणाली स्वतःच सुरू करतो. घरातील थोरल्यांना ही रोजची कटकट वाटते. तरुणांना तिची सवय झालेली असते.

ही दुसरी प्रणाली येते कोठून, याचे उत्तर बहुतेक दुकानांत सारखेच असते. संगणक मंदावला म्हणून तंत्रज्ञाला बोलावले गेले. त्याने नवी, वेगवान एसएसडी बसवली, तिच्यावर नवी विंडोज घातली आणि जुनी हार्ड डिस्क 'असू द्या, त्यात जुना हिशेब आहे' असे म्हणून आतच ठेवली. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. या दोन्ही तारखांच्या आगेमागे अशा दुरुस्त्या पुष्कळ झाल्या. जुनी प्रणाली मात्र यादीत तशीच राहिली.

एका पेढीवर दोन गाद्या मांडल्या, तर गिऱ्हाईक कोणत्या गादीवर येईल याचा नेम नसतो. येथेही तसेच घडते. नवा नोकर सकाळी घाईत चुकीचे नाव निवडतो. पडदा थोडा वेगळा दिसतो, पण टॅलीचे चिन्ह जागेवर असते, कंपनीचे नाव तेच असते. दिवसभराची बिले जुन्या खात्यात पडतात, तेच बिल क्रमांक दुसऱ्यांदा वापरले जातात, आणि विवरणपत्र भरण्याच्या वेळी एका दिवसाची विक्रीच सापडत नाही. शिवाय सुरक्षेची भर पडणे बंद झालेल्या त्या जुन्या प्रणालीतून कोणी बँकेचे व्यवहार केले, तर जोखीम निराळीच.

हे दुसरे नाव यादीतून काढणे दोन मिनिटांचे काम आहे. नव्या प्रणालीत संगणक सुरू करावा, शोधाच्या चौकटीत 'एमएसकॉन्फिग' असे इंग्रजीत लिहावे आणि उघडलेल्या खिडकीत 'बूट' या पानावर जावे. तेथे दोन्ही नोंदी दिसतात. जिच्यापुढे 'करंट ओएस' असे लिहिलेले असते, ती सध्या चालू असलेली. नावे सारखी असतील, तेव्हा हीच खूण उपयोगी पडते. ती निवडून आधी 'सेट ॲज डीफॉल्ट' करावे, मग दुसरी नोंद निवडून 'डिलीट' दाबावे. एकच नाव उरले की प्रश्न विचारणारा पडदा पुढच्या वेळी येतच नाही.

येथे काय झाले, ते नीट समजून घ्यायला हवे. खतावणीच्या अनुक्रमणिकेतून एखाद्या असामीचे नाव खोडले, म्हणून तिचे खाते फाटत नाही. ते त्याच पानावर राहते. तसेच हे. जुनी विंडोज, तिच्यातील फायली, छायाचित्रे, हिशेब हे सारे डिस्कवर जसेच्या तसे असते. गेले ते केवळ नाव. जागा एका कणानेही मोकळी होत नाही. खरी हानी होते ती पुढच्या पायरीवर, जेव्हा 'आता ही नकोच' म्हणून कोणी जुना भाग पुसतो किंवा जुनी डिस्कच उपसून काढतो.

त्यातील एक सापळा फार फसवा आहे. संगणक सुरू होताना ज्या छोट्या फायली सर्वांत आधी वाचल्या जातात, त्या नव्या विंडोजच्याच डिस्कवर असतील असे नाही. जुनी डिस्क जोडलेली असताना नवी प्रणाली घातली असेल, तर त्या फायली पुष्कळदा जुन्या डिस्कवरच ठेवल्या जातात. दुकान नव्या जागी गेले, पण कुलपाची किल्ली जुन्या जागेच्या खुंटीवर राहिली, असा तो प्रकार. जुनी डिस्क काढताच नवी, निरोगी विंडोजही सुरू होत नाही.

म्हणून आधी 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पाहावे. प्रारंभाच्या बटणावर उजवी कळ दाबली की हे नाव सापडते. तेथे प्रत्येक डिस्कचे भाग आडव्या पट्टीत दिसतात. 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' किंवा 'सिस्टिम' हे शब्द कोणत्या डिस्कवर आहेत, तेवढे पाहावे. येथे मायक्रोसॉफ्टच्या नामकरणाने जगाला गोंधळात टाकले आहे: ज्या भागात विंडोज राहते त्याला 'बूट' म्हणतात, आणि ज्या भागातून संगणक सुरू होतो त्याला 'सिस्टिम'. 'सिस्टिम' ही खूण जुन्या डिस्कवर दिसली, तर त्या डिस्कला हात लावू नये. जाणकाराकडून 'बीसीडीबूट' या आज्ञेने सुरुवातीच्या फायली आधी नव्या डिस्कवर करून घ्याव्यात. संगणक बंद करून जुन्या डिस्कची वायर सोडवावी आणि तो एकटा नीट सुरू होतो की नाही, हे पाहावे. डिस्कवर बिटलॉकर चालू असेल, तर त्याची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली हे सारे करण्यापूर्वी कागदावर उतरवून घेतलेली बरी.

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने हौसेने उबंटू घातले असेल, तर रीत वेगळी. तेथे यादी दाखवतो तो 'ग्रब' नावाचा कार्यक्रम, आणि त्याच्या फायली लिनक्सच्या भागात असतात. तो भाग आधी पुसला, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच उरते. म्हणून अलीकडच्या संगणकांत आधी मूळ सेटिंगमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणावा, विंडोज थेट सुरू होते याची खात्री करावी, मगच लिनक्सचा भाग पुसावा.

आता जुन्या हिशेबाकडे. नव्या विंडोजमधून पाहिले तर जुनी 'सी' ड्राइव्ह बहुधा 'डी' किंवा 'ई' या अक्षराने दिसते. टॅलीची माहिती आकड्यांच्या नावाच्या फोल्डरांत असते. ती सापडली की काम संपले असे अनेकांना वाटते. पण जुन्या डेस्कटॉपवर ठेवलेल्या दरपत्रिका, घरातील लग्नाची छायाचित्रे, आउटलुकमधील व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार हे सारे 'यूझर्स' या फोल्डरात, जुन्या वापरकर्त्याच्या नावाखाली असते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असे नुसते उचलून आणता येत नाहीत. त्यासाठी एकदा जुन्या प्रणालीत जाऊन ते उतरवून घ्यावे लागतात. टॅलीचा परवाना तेथे चालू असेल, तर तोही तेथूनच 'सरेंडर' करावा. ही दोन कामे यादीतील नाव खोडण्याच्या आधीची.

किती वर्षांचे जपायचे, हा व्यापाऱ्याचा प्रश्न. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. २०२२-२३ या वर्षाची ती तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती. म्हणजे त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हाताशी हव्यात. अपील वा चौकशी चालू असेल, तर त्याहूनही अधिक काळ. तेवढा मजकूर दोन निराळ्या ठिकाणी उतरवावा, आणि नव्या टॅलीत एकेका वर्षाची कंपनी उघडून शेवटची बाकी जुळते का ते पाहावे. नुसती फोल्डरची नक्कल झाली, एवढ्यावर भागत नाही.

दिवाळीची साफसफाई करताना जुनी डिस्क भंगारवाल्याच्या पोत्यात जाते, तेव्हा तिच्यात गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक, आधारच्या प्रती आणि उधारीच्या याद्या असतात. झटपट फॉरमॅटने त्या जात नाहीत. चौकटीतील 'क्विक फॉरमॅट' पुढची खूण काढावी आणि संगणक रात्रभर तसाच चालू ठेवावा. मोठी डिस्क पूर्ण पुसायला कित्येक तास लागतात.