ऑक्सिजनच नसेल तर तंतुकणिका काय करते?



"तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जानिर्मिती केंद्र आहे" हे वाक्य मुलांना तोंडपाठ असतं. मग एखादी चौकस मुलगी विचारते, "जिथे ऑक्सिजन नाही, तिथे राहणाऱ्या पेशीत तंतुकणिका कशाला?" हा प्रश्न टाळू नका. उत्क्रांती समजावून सांगायची ही चांगली संधी आहे.

थोडी पार्श्वभूमी

तंतुकणिका म्हणजे मुळात एक स्वतंत्र जिवाणू. एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी तो दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथलाच झाला. म्हणूनच तंतुकणिकेत आजही स्वतःचा डीएनए असतो. ऑक्सिजन असेल तर एका ग्लुकोजपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. नुसत्या ग्लायकोलायसिसमधून फक्त २.

ऑक्सिजन नसताना

१) हायड्रोजिनोसोम : गुरांमध्ये गर्भपात घडवणाऱ्या ट्रायट्रायकोमोनास फीटस या एकपेशीय परजीवीत हे अंगक लिंडमार्क आणि म्युलर यांनी १९७३ मध्ये ओळखलं. ते ऑक्सिजनशिवाय पायरुवेटचं विघटन करतं, थोडं एटीपी बनवतं आणि हायड्रोजन सोडतं. झुरळाच्या आतड्यातल्या निक्टोथेरस ओव्हॅलिस या सजीवाच्या हायड्रोजिनोसोममध्ये तर तंतुकणिकेचा डीएनए अजून शिल्लक आहे. नातं सिद्ध करायला याहून चांगला पुरावा कोणता?

२) मायटोसोम : आमांशाचा अमीबा आणि जिआर्डिया यांच्यातलं हे इवलंसं अंगक एटीपी बनवतच नाही. जिआर्डियात ते लोह-गंधक समूह तयार करतं. अनेक विकरांना हे समूह लागतात, म्हणून अंगक टिकून राहिलं.

३) काहीच नाही : चिंचिला या प्राण्याच्या आतड्यातून मिळालेल्या मोनोसर्कोमोनॉइडिसमध्ये तंतुकणिकेचा मागमूसही नाही, असं २०१६ मध्ये जाहीर झालं. लोह-गंधक समूह बनवण्याची जनुकं त्याच्या पूर्वजांना जिवाणूंकडून मिळाली होती. ते काम दुसरीकडे होऊ लागल्यावर अंगक गेलं तरी अडलं नाही.

शिकवताना दोन गोष्टी सांभाळा

पहिली : "वापरलं नाही म्हणून झिजलं" असं सांगू नका. जनुकांत बदल योगायोगाने होतात. ऑक्सिजन नसलेल्या जागी श्वसनाची जनुकं बिघडली तरी त्या पेशीचं काही बिघडत नाही. ती जगते, विभागते आणि तो बदल पुढे जातो. आवश्यक जनुक बिघडलं तर मात्र पेशीच टिकत नाही.

दुसरी : या सजीवांना "मागासलेले" म्हणू नका. १९८० च्या दशकात काही शास्त्रज्ञांना वाटत होतं की ते तंतुकणिका येण्याआधीचे आहेत. पुरावे उलटे निघाले. त्यांच्या पूर्वजांकडे तंतुकणिका होती. तिचं रूपांतर नंतर झालं, तेही वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे.

वर्गात फळ्यावर चार रकाने आखा : तंतुकणिका, हायड्रोजिनोसोम, मायटोसोम, काहीच नाही. प्रत्येकाखाली "कोणतं काम उरलं?" एवढंच मुलांना लिहू द्या. ऊर्जानिर्मिती हे तंतुकणिकेचं एकमेव काम नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगेल.