स्मृतिभ्रंशाच्या निदानात रक्तातील प्रथिन-चाचणी : ग्रामीण ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या समाजात सर्रास वापरली जाते. आसनगाव, शहापूर, मुरबाड परिसरातील एखादी वृद्ध व्यक्ती रोजची वाट चुकू लागली, जेवण झाल्याचे विसरून पुन्हा ताट मागू लागली, तर 'म्हातारचळ' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अपरिहार्य भाग नसून मेंदूच्या विकारांमुळे उद्भवणारी अवस्था आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा ग्रामीण भागात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आढळले. या पार्श्वभूमीवर रक्ताच्या नव्या चाचणीचे स्वरूप, उपयोग व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

निदानातील अडचणी :
१९०६ साली जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी एका मृत रुग्णेच्या मेंदूतील विकृत साठे व गुंते यांचे वर्णन केले. हे साठे अमायलॉइड आणि गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात, हे पुढे स्पष्ट झाले. रुग्ण जिवंत असताना ते ओळखण्यासाठी पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातून सुईने काढलेल्या द्रवाची तपासणी करावी लागते. या तपासण्या खर्चिक असून मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत. आसनगावच्या रुग्णाला लोकल गाडीने मुंबई गाठता येते. मुरबाडच्या रुग्णाला मात्र आधी रस्त्याने कल्याणपर्यंत यावे लागते. गोंधळलेल्या वृद्धाला घेऊन असा प्रवास वारंवार करणे कुटुंबाला परवडणारे नसते.

दुसरी अडचण शिक्षणाची आहे. स्मरणशक्तीच्या अनेक प्रश्नावल्यांत वाचन, लेखन, आकडेमोड अपेक्षित असते. त्यामुळे निरक्षर व्यक्ती निरोगी असूनही आजारी ठरू शकते. हे लक्षात घेऊन १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी स्वतंत्र हिंदी प्रश्नावली तयार करण्यात आली.

रक्त-चाचणीचे स्वरूप :
मेंदूतील प्रथिनांचा अत्यल्प अंश रक्तात उतरतो. एका मिलिलिटरमधील त्याचे प्रमाण ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असते. ते मोजणारी तंत्रे अलीकडे विकसित झाली. यात पुढील प्रथिने महत्त्वाची आहेत.
१) पी-टाऊ २१७ : टाऊ प्रथिनाच्या २१७ व्या स्थानी फॉस्फेट जोडले गेलेले हे रूप अल्झायमरमध्ये वाढते.
२) अमायलॉइड बीटा ४२ : मेंदूत साठे होऊ लागले की रक्तातील याचे प्रमाण घटते.
३) न्यूरोफिलामेंट लाइट : कोणत्याही कारणाने चेतातंतूंची हानी झाली की हे वाढते, म्हणून ते एकाच आजाराचे निदर्शक नाही.

१६ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिल्या दोन प्रथिनांच्या गुणोत्तरावर आधारित 'ल्युमिपल्स' चाचणीस परवानगी दिली. ती ५५ वर्षांवरील, लक्षणे असलेल्या व्यक्तींसाठीच आहे. ४९९ नमुन्यांच्या अभ्यासात होकारार्थी निष्कर्षांपैकी ९१.७ टक्के व नकारार्थी निष्कर्षांपैकी ९७.३ टक्के निष्कर्ष पेट स्कॅन अथवा द्रव-तपासणीशी जुळले. मात्र २० टक्क्यांहून काहीशा कमी नमुन्यांचा निष्कर्ष अनिश्चित राहिला.

मर्यादा :
ही चाचणी अमायलॉइडची शक्यता सांगते. स्मृतिभ्रंश आहे की नाही हे सांगत नाही. लक्षणे नसलेल्या सर्व वृद्धांची सरसकट चाचणी केल्यास चुकीच्या होकारार्थी निष्कर्षांचे प्रमाण वाढेल. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही पी-टाऊ वाढते. रक्त घेतल्यानंतर रक्तद्रव वेळेत वेगळा करून थंड ठेवला नाही, तर अमायलॉइडची मोजणी चुकते. गावात नमुना घेऊन तो शहरात पाठवताना ही बाब निर्णायक ठरते.

याहून महत्त्वाचे म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडची मंदावलेली क्रिया, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार होऊ शकतात. या कारणांची तपासणी तालुका पातळीवरील डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करता येते. ती टाळून थेट प्रथिन-चाचणी करणे म्हणजे बरा होऊ शकणारा रुग्ण गमावण्याचा धोका पत्करणे होय.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, रक्तातील प्रथिन-चाचणी ग्रामीण रुग्णाचा शहरापर्यंतचा प्रवास कमी करू शकते. परंतु ती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. कुटुंबीयांनी बदल केव्हा व कसे सुरू झाले याची नोंद ठेवावी, प्रथम उपचारयोग्य कारणे तपासून घ्यावीत आणि त्यानंतरच तज्ज्ञांच्या सल्ल्याने ही चाचणी करावी. मात्र त्यासाठी आधी 'म्हातारचळ' हा शब्द बाजूला ठेवून वृद्धाला दवाखान्यात नेण्याची तयारी कुटुंबाने दाखविणे आवश्यक आहे.